घराच्या बागेत बांबू लावायचाय? आधी तो पळणारा आहे का ते बघा

बांबू लावायचा विषय काढला की घरातले निम्मे लोक म्हणतात अख्खं कंपाउंड खाऊन टाकेल, शेजाऱ्याच्या अंगणात निघेल, आणि उरलेले म्हणतात साप येतील, शिवाय तिरडीचं झाड दारात कशाला. तिरडीवाल्यांशी मी वाद घालत नाही, गुढीची काठीपण त्याचीच असते एवढं बोलून गप्प बसतो. पसरण्याची भीती मात्र तपासून बघण्यासारखी आहे, कारण बांबू फरशी फोडून घरात आला वगैरे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतले, आणि तो बांबू चीन-जपानकडचा पळता बांबू. आपल्या कोकणात, सह्याद्रीत, मेळघाट-गडचिरोलीत जे बांबू पिढ्यान्‌पिढ्या आहेत ते सगळे बेटानं वाढणारे, जागा सोडून पळत नाहीत. त्यामुळे इकडे घोटाळा होतो तो दोनच ठिकाणी, एक नर्सरीत नावाचा आणि दुसरा घरी आकाराचा. बेटाचा बांबू पसरत नाही, पण म्हणून तो लहान राहतो असं अजिबात नाही, आणि लोकांची फजिती जास्त करून इथेच होते.

१. जमिनीखाली काय चालतं ते समजून घ्या

बांबूचा सगळा खेळ त्याच्या कंदाचा आहे. बेटाच्या बांबूचा कंद आखूड आणि जाडजूड असतो, थोडासा आडवा जातो, वर वळतो आणि त्याचाच नवा बांबू होतो, म्हणून नवीन कोंब जुन्याला खेटूनच येतो. बेटाचा घेर वाढतो पण दरवर्षी काही इंच, मोठ्या जातीत फार तर फूटभर. पळत्या बांबूचा कंद बारीक आणि लांबलचक, जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटात हरळीसारखा आडवा धावतो, त्याच्या पेराला (म्हणजे गाठीला) डोळे असतात आणि त्यातला कुठलाही फुटून वर येऊ शकतो. एका हंगामात पाच-दहा फूट लांब जाऊन निघाला तर नवल नाही, आणि मधल्या फरशीखाली, पाइपाशेजारी काय झालंय ते तुम्हाला वरून दिसतही नाही.

अजून एक मधला प्रकार आहे, ईशान्येकडचा मुली बांबू. तो तांत्रिकदृष्ट्या बेटाचाच, पण त्याच्या कंदाची मान लांब असते, त्यामुळे बांबू एकमेकांपासून मीटरभर लांब लांब येतात आणि बेट मोकळं पसरट होतं. कुणी "हा क्लंपिंग, म्हणजे बेटाचा, आहे हो" म्हणून मुली दिला तर छोट्या प्लॉटमध्ये घेऊ नका.

बेटाचे बांबू आपल्याकडे पावसाळ्यात कोंब काढतात, साधारण जुलै ते सप्टेंबर. पळते बांबू थंडी संपता संपता, वसंतात. नर्सरीत मार्चमध्ये कुंडीच्या कडेनं टोकदार कोंब येताना दिसले तर जरा थांबा आणि चौकशी करा.

२. नर्सरीत नावावर जाऊ नका

"गोल्डन बांबू" मागितला तर दोन पूर्ण वेगळी झाडं मिळू शकतात. एक फायलोस्टॅकिस ऑरिया, हा पक्का पळणारा. दुसरा बांबुसा व्हल्गॅरिसचा पिवळा प्रकार, पिवळ्या खोडावर हिरव्या रेघा असलेला, हा बेटाचा, पण चाळीस-पन्नास फूट जाणारा. "ब्लॅक बांबू"चंही तसंच, फायलोस्टॅकिस नायग्रा पळतो, जावाकडचा जायगँटोक्लोआ अ‍ॅट्रोव्हायोलेशिया बेटानं वाढतो. गावठी नावांवरही विसंबू नका, "मेस" म्हणून एका तालुक्यात माणगा (कोकणातला बिनकाट्याचा बांबू, पुढे येईलच) दाखवतील आणि दुसऱ्या तालुक्यात भलताच बांबू. म्हणून शास्त्रीय नाव विचारायचंच, नर्सरीवाला वैतागला तरी. "सर, बांबू म्हणजे बांबूच" असं म्हणणाऱ्याकडून फुलझाडं घ्या, बांबू नको.

आणि नाव सांगितलं तरी डोळ्यांनी खात्री करायची, ती अशी:

- पेराच्या वर जिथून फांद्या निघतात तिथल्या कांड्यावरून बोट फिरवा. फायलोस्टॅकिस जातीत फांद्यांच्या बाजूला कांड्याला लांब खोबण किंवा चपटेपणा लागतो. बेटाच्या बांबूचं कांडं सगळीकडून गोल.
- एका पेरावर फांद्या किती ते बघा. फायलोस्टॅकिसला साधारण दोन, एक मोठी आणि एक बारकी. आपल्याकडच्या बेटाच्या जातींना फांद्यांचा झुपका असतो.
- बुंध्याजवळची पेरं एकमेकांवर दाबल्यासारखी, वेडीवाकडी जवळजवळ आली असतील तर ती ऑरियाची खूण.
- कुंडी तिरकी करून खालची भोकं बघा. एक-दोन लांब दोरीसारखे कंद कडेनं गोल फिरलेत किंवा भोकातून बाहेर डोकावतायत तर ठेवून द्या परत.

बुटके, पानावर पांढऱ्या रेघा असलेले शोभेचे बांबू मिळतात ना, प्लायोब्लास्टस आणि सासा, त्यांना ही फांद्यांची परीक्षा नीट लागू पडत नाही आणि ते दोन्ही पळणारे आहेत. दिसायला गुडघ्याएवढे आणि गोंडस, पण कुंडीतच ठेवायचे, वाफ्यात कधीच नाही.

ऑनलाइन बिया तर घेऊच नका. "मोसो बांबू सीड्स", "ब्लू बांबू सीड्स" अशी पाकिटं असतात, बांबूला बी मुळात कित्येक वर्षांतून एकदा धरतं आणि ते फार काळ उगवणक्षम राहत नाही, शिवाय मोसो हा स्वतः पळणारा आहे. आणि काचेच्या भांड्यात मिळतो तो लकी बांबू हा बांबूच नाही, ते ड्रसीनाचं झाड आहे, त्याला जमिनीत लावून कुंपण होण्याची वाट बघू नका.

३. रोप आणायच्या आधी जागा मोजा

टेप घ्या आणि कागदावर प्लॉटचं साधं चित्र काढा. त्यात सेप्टिक टँक, ड्रेनेजची लाइन, बोअर, पाण्याची जमिनीतली टाकी, वरून जाणारी विजेची तार आणि शेजाऱ्याची भिंत हे सगळं दाखवा. बांबूची मुळं बारीक तंतुमय असतात, वडा-पिंपळासारखी भिंत चिरत नाहीत, पण बेटाचा गड्डा वर्षानुवर्षं घेर वाढवत जाऊन भिंतीला टेकला की ढकलतो, आणि फुटक्या ड्रेनेजच्या पाइपात तंतू शिरतातच.

माझा ढोबळ हिशोब असा, कुंपणासाठीचा लहान बांबू भिंतीपासून चार फूट आत, मध्यम जात आठ ते दहा फूट, आणि साठ फुटी जाती घराजवळ लावायच्याच नाहीत, शेताच्या बांधावर लावा. वरचाही विचार करा, बांबू वाकतो. पावसात भिजला की शेंडे खाली येतात, तीस फुटी बांबू म्हणजे शेजाऱ्याच्या गच्चीवर नाहीतर तारेवर. पानगळही बरीच असते, पत्र्याच्या पन्हळी भरतात, शेजाऱ्याशी आधीच बोलून घेतलेलं बरं.

४. जात निवडा

बांबुसा मल्टिप्लेक्स: छोट्या बागेसाठी माझं पहिलं मत यालाच. घट्ट बेट, दहा ते वीस फूट, बारीक काड्या, काटे नाहीत, कात्रीनं पाच-सहा फुटांवर छाटून कुंपण करता येतं आणि मोठ्या कुंडीतही तग धरतो. याचेच पिवळ्या खोडावर हिरव्या रेघांचे आणि बारीक पानांचे प्रकार मिळतात. गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या झाकायच्या असतील तर डोळे झाकून हाच घ्या.

माणगा: डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी. सिंधुदुर्ग-रत्नागिरी, गोवा आणि खाली कारवारकडचा आपला स्वतःचा बांबू. बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, सरळसोट, तीसेक फूट उंच आणि इंच-दीड इंच जाड. बेट बऱ्यापैकी मोकळं राहतं त्यामुळे तोडायला सोपा, काठ्या मांडवाला, वेलाला, फर्निचरला सगळ्याला चालतात. कोकणात घरामागे आठ-दहा फूट मोकळी जागा असेल तर दुसरं काही बघूच नका. याला बी धरत नाही, रोपं काडीपासून किंवा कंदापासून करतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा वनविभागाच्या रोपवाटिकेत आधी विचारा, तिथे नाव तरी बरोबर मिळतं.

थायर्सोस्टॅकिस सियामेन्सिस: थायलंडकडचा, फार घट्ट आणि सरळ उभं बेट, बारीक पानं, खोडावरची आवरणं गळत नाहीत म्हणून बुंधा पांढुरका दिसतो. वीस-पंचवीस फुटांच्या पुढे जातो, पण घेर कमी घेतो आणि एकदा रुजला की कमी पाण्यावरही राहतो. पुणे, नाशिक, सोलापूरकडच्या कोरड्या हवेत मध्यम जागेसाठी चांगला.

बुद्धा बेली: कांडी फुगलेली म्हणून लोक घेतात. या नावानंही दोन झाडं विकली जातात. बांबुसा व्हेंट्रिकोसा कुंडीत उपाशी ठेवला तर पोट फुगवतो, जमिनीत खतपाणी मिळालं की सरळ चाळीस फूट जातो आणि पोट गायब. व्हल्गॅरिसचा वामिन नावाचा बुटका प्रकार मात्र जमिनीतही फुगीरच राहतो. कुठला आहे ते विचारून घ्या.

आता टाळायचे. कळक, म्हणजे काटेरी बांबू, हाही बेटाचाच, पण ऐंशी-शंभर फूट आणि खाली काट्यांचं असं जाळं की आत हात घालता येत नाही. विदर्भातला नेहमीचा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस गुणी आहे पण कोरड्या भागात उन्हाळ्यात पानं टाकतो, म्हणजे आडोसा हवा तेव्हाच उघडा. पिवळा व्हल्गॅरिस फार्महाऊसला शोभतो, बंगल्याला मोठा होतो, आणि त्याचा हिरवा तुकडा कुठेही ओल्या मातीत खोचला की रुजतो, टोमॅटोला आधार म्हणून लावाल आणि टोमॅटोच्या जागी बांबू. त्याच्या छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी टाकू नका, वाहत जाऊन दुसऱ्याच्या काठाला लागतात. एकरी उत्पन्नाच्या जाहिरातीत असतो तो भीमा म्हणजे बालकुआ जातीचा, तो शेतासाठी, अंगणासाठी नाही.

फुलोऱ्याचा प्रश्न सगळे विचारतात. काही जातींची सगळी बेटं काही दशकांनी एकदम फुलतात आणि मरतात, मुली बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो, मिझोरममध्ये १९५८-५९ ला आणि नंतर २००६-०८ च्या सुमारास फुलला. गंमत अशी की जुन्या बेटाची काडी लावली तरी तिचं वय नव्यानं सुरू होत नाही, आईबरोबरच फुलते. म्हणून काडीपासूनचं रोप घेताना मूळ बेटाला फुलोरा आलाय का एवढं विचारा.

५. सामान आणि कागद

सामानात कुदळ, पहार, फावडं, घमेलं, टेप, सुतळी, चुना आखायला, शेणखत, निंबोळी पेंड, आच्छादनाला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट. पुढे छाटणीला बारीक दातांची करवत घ्या, कोयत्यानं बांबू चिरतो आणि शेजारचे कोंब मोडतात. जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण कोंबाच्या आवरणावरची लव अंगाला लागली की खाज सुटते.

कागदांचं फार नाही. नर्सरीचं बिल, त्यावर शास्त्रीय नाव लिहून घ्या, फोटो काढून ठेवा, पुढे झाड पळायला लागलं तर बोलायला काहीतरी हातात असतं. सोसायटीची सामाईक जागा असेल तर कमिटीचं लेखी पत्र, गच्चीवर ठेवणार असाल तर पत्र तर हवंच आणि स्लॅबचं वॉटरप्रूफिंगही बघून घ्या. बांबू तोडायला वनखात्याची परवानगी लागते असं अजूनही पुष्कळ जण सांगतात. २०१७ पासून जंगलाबाहेर लावलेला बांबू भारतीय वन कायद्याच्या झाडाच्या व्याख्येतून काढलाय, त्यामुळे स्वतःच्या जागेतला तोडायला आणि न्यायला त्या कायद्याखाली पास लागत नाही.

६. लावणी

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, माती आतपर्यंत भिजली की लावा, म्हणजे जून अखेर ते जुलै. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल. वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळून भरा. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, तिथे खड्ड्यापेक्षा उंचवटा करून लावा, बांबूला पाणी आवडतं पण पाय पाण्यात बुडवून बसायला आवडत नाही. रोपाचा गड्डा जमिनीच्या पातळीला, फार खोल नको. वर चार-पाच इंच पालापाचोळा पसरा.

कुंपणासाठी मल्टिप्लेक्स तीन-तीन फुटांवर पुरतो. लवकर दाट व्हावं म्हणून फुटाफुटावर लावतात, ते चार वर्षांत एकमेकांच्या उरावर बसतं. माणगा आठ-दहा फुटांवर.

कुंडीत लावायचं तर दोनशे लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापून, तळाला भोकं पाडून घ्या, सिमेंटच्या कुंडीपेक्षा हलका पडतो. दोन-तीन वर्षांनी बाहेर काढून गड्डा करवतीनं अर्धा करावा लागतो, ताकदीचं काम आहे, दोन माणसं लागतात.

७. पहिल्या दोन-तीन वर्षांत घाबरू नका

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं, "काडी जाड कधी होणार?" ती होणार नाही. बांबूचा कोंब जेवढ्या जाडीचा जमिनीतून वर येतो तेवढाच आयुष्यभर राहतो आणि उंचीही एकाच हंगामात संपवतो. नर्सरीतून आणलेली पेन्सिलीएवढी काडी पेन्सिलीएवढीच राहणार, पुढच्या पावसाळ्यातला कोंब तिच्यापेक्षा जाड, त्याच्या पुढचा अजून जाड. पहिलं वर्ष झाड वर काहीच करत नाही असं वाटतं, खाली कंद बांधत असतं. म्हणून खतावर खत टाकत सुटू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी, पावसाळ्यात तण काढणं आणि कोंबांवर कुणी पाय देत नाही ना एवढं बघणं पुरे.

८. बेट आवरत राहा

न पळणाऱ्या बांबूचीही मशागत लागते, नाहीतर पाच-सहा वर्षांत आत वाळलेल्या काठ्यांची गर्दी होते आणि मग खरंच उंदीर-साप राहायला येतात. चौथ्या वर्षापासून दर हिवाळ्यात तीन वर्षांपेक्षा जुने बांबू काढायचे, एकूण बेटाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी नको. जुना बांबू असतो मधे आणि नवा कडेला, म्हणून एका बाजूनं वाट करून आत शिरा, वरून बघितलं तर बेट घोड्याच्या नालाच्या आकाराचं दिसलं पाहिजे. पावसाळ्यात तोडू नका, कोंब मोडतात आणि त्या काठीला भुंगा लवकर लागतो. गावाकडे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात, तुम्हाला पाळायचं तर पाळा.

कापताना जमिनीजवळच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या लगेच वर कापा. मधेच कांड्यात कापलं की पेला तयार होतो, त्यात पाणी साचतं आणि डेंगीचे डास तिथेच अंडी घालतात. ही गोष्ट माळी कधी सांगत नाहीत.

घेर वाढू द्यायचा नसेल तर बाहेरच्या बाजूचे कोंब पावसाळ्यात फूटभर असतानाच मोडा आणि भाजी करा. विदर्भात वास्ते, गोव्यात किल्ल, माहितीच आहे. कच्चे खायचे नाहीत, बारीक चिरून, उकळून, ते पाणी टाकून मगच.

९. आधीपासूनच पळता बांबू असेल, किंवा तुम्ही परदेशात असाल

आधीच्या मालकानं लावून ठेवलेला निघतो, महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जुन्या बंगल्यांत तर आधी तेच तपासा. आणि अमेरिका, इंग्लंडमध्ये घर घेतलेल्यांना हा प्रश्न येतोच. तिकडे थंडीच्या भागात आपले माणगा-मल्टिप्लेक्स टिकायचे नाहीत, तिथे बेटानं वाढणारा म्हणजे फार्जेशिया, रोबुस्टा किंवा रूफा जात बघा. (फार्जेशिया भारतात मैदानी भागात मागवू नका, उन्हाळ्यात वाळतो.) कायदाही बघा, न्यूयॉर्क राज्यात फायलोस्टॅकिस ऑरिया विकायला-लावायला बंदी आहे, आणि कनेक्टिकटमध्ये पळता बांबू शेजाऱ्याच्या हद्दीपासून ४० फुटांच्या आत, अडसर किंवा कुंडी नसेल तर लावता येत नाही.

काढून टाकायचा असेल तर कंद वरच्या फूट-दीड फुटातच असतात, कुदळीनं माग काढत उपटायचे. सगळे निघणार नाहीत, राहिलेले कोंब पुढची दोन-तीन वर्षं दिसले की लगेच मोडत राहायचे, पानं येऊच द्यायची नाहीत, म्हणजे कंद उपाशी पडून मरतो.

ठेवायचा असेल तर अडसर घाला. दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई म्हणजे टणक प्लॅस्टिकचं शीट, अडीच फूट खोल चरात, जमिनीच्या वर दोन इंच बाहेर ठेवून, वरची कड किंचित बाहेरच्या बाजूला कलती, म्हणजे कंद आपटला की वर वळतो आणि दिसतो. शाबादी फरशी किंवा विटा उभ्या करून चालत नाही, सांध्यातून कंद जातो. शीटची दोन टोकं जिथे मिळतात तिथे पट्टी लावून स्क्रूनं घट्ट आवळा, फुटायची जागा तीच. आणि पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा त्या कडेनं माती खरवडत चक्कर मारा, वरून पलीकडे उडी घेतलेला कंद दिसला की करवतीनं तिथेच कापून टाका.